बौद्ध वस्तीचा निधी कसा तपासावा? बारामती-इंदापूरच्या कार्यकर्त्यांसाठी माहिती

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या बौद्ध वस्त्यांसाठी शासनाचा पैसा वेगवेगळ्या योजनांतून येतो. तो किती आला आणि कशावर खर्च झाला, हे कळण्यासाठी पूर्वी ग्रामसेवकाच्या कपाटावरच अवलंबून राहावे लागे. आज काही हिशेब मोबाईलवर दिसतो, काही अजून कागदावरच आहे. कोणता हिशेब कुठे सापडतो, हे तरुणांना माहीत हवे.

पैसा कुठून येतो?

पहिला मार्ग म्हणजे अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास ही योजना. लोक तिला आजही 'दलित वस्ती' म्हणतात. पाणी, गटार, अंतर्गत रस्ता, दिवाबत्ती, समाजमंदिर अशी कामे तीत होतात. निधीची मर्यादा वस्तीच्या लोकसंख्येवर ठरते आणि योजना जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे असते.

दुसरा मार्ग घरकुलांचा : रमाई आवास आणि प्रधानमंत्री आवास. तिसरा मार्ग स्थानिक संस्थांच्या स्वतःच्या उत्पन्नाचा. ग्रामपंचायतीने त्यातील १५ टक्के आणि जिल्हा परिषदेने २० टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायची असते. चौथा मार्ग वित्त आयोगाचा निधी. तो सगळ्या गावासाठी असतो, म्हणून वस्तीचाही त्यावर हक्क आहे.

मोबाईलवर काय दिसते?

केंद्राचे ई-ग्रामस्वराज पोर्टल २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाले. राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव निवडले की ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि वित्त आयोगाच्या निधीचा जमाखर्च पाहता येतो. त्यासाठी पासवर्ड लागत नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या आवाससॉफ्ट प्रणालीत गावनिहाय लाभार्थी आणि घरकुलाची स्थिती दिसते. बांधकामाच्या टप्प्यांचे फोटो जागेच्या अक्षांश-रेखांशासह काढले जातात आणि हप्ता थेट बँक खात्यात जमा होतो. पोर्टलवर पूर्ण झालेले घर प्रत्यक्षात जोत्यावरच थांबले असेल, तर तो फरक तिथेच पकडता येतो.

कागदावर काय राहते?

वस्तीच्या कामाचा खरा तपशील फाईलमध्ये असतो. त्यासाठी माहिती अधिकार कायदा, २००५ वापरावा. एका कामाबद्दल पुढील कागद मागावेत : प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत, अदा केलेली देयके, काम पूर्णत्वाचा दाखला. वस्तीचा पाच वर्षांचा बृहत् आराखडाही मागावा. मंजूर काम वस्तीतच झाले की दुसऱ्या आळीत, हे या कागदांवरून कळते.

महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ आहे. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. न मिळाल्यास किंवा अपुरे मिळाल्यास ३० दिवसांत प्रथम अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे द्वितीय अपील करता येते.

फाईल प्रत्यक्ष पाहण्याचा हक्कही याच कायद्यात आहे. पुणे महापालिकेने २००९ मध्ये सोमवारी अभिलेख पाहू देण्याची पद्धत सुरू केली. पुढे २०१८ मध्ये राज्य शासनाने जिल्हास्तरीय कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी तसा निर्णय काढला.

एक खबरदारी घ्यावी. लाभार्थ्यांची नावे, आधार किंवा खाते क्रमांक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवू नयेत. हप्ता अडकलेले कुटुंब आपल्यातलेच असते. शिवाय २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीचे कलम अधिक कडक केले आहे. म्हणून अर्जात माणसांविषयी न विचारता काम, रक्कम आणि मोजमाप यांविषयी विचारावे.

आकडे वस्तीत वाचा

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाईत सरकारी बिले आणि हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले. ज्यांच्या नावावर पैसे निघाले होते, तेच लोक समोर बसलेले असल्याने खोटा हिशेब टिकला नाही. पुढे २०१९ मध्ये तिथे जन सूचना पोर्टल आले. म्हणजे लोकांचे वाचन आधी आणि पोर्टल नंतर.

आपल्याकडे ही जागा ग्रामसभेची आहे. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्याआधी दोन-तीन तरुणांनी टेप घेऊन रस्त्याची लांबी-रुंदी मोजावी, ती मोजमाप पुस्तिकेशी ताडून पाहावी, तारखेसह फोटो काढावेत. फरक आढळल्यास तो ग्रामसभेत मांडावा, इतिवृत्तात नोंदवून घ्यावा आणि गटविकास अधिकाऱ्यांना लेखी द्यावा. मोजमाप जुळले तर तेही ग्रामसभेत सांगावे. त्याने पुढच्या प्रश्नाला वजन येते.

सुरुवात मोठ्या यादीने करू नये. आपल्या वस्तीतले मागील वर्षीचे एकच काम निवडावे आणि त्याचा कागद जमिनीपर्यंत तपासावा.