पागोट्याचें अर्बुद

पागोटें हें आमच्याकडे मानाचें चिन्ह. तें कोणी दुखण्याच्या नांवासाठीं योजावें, हें प्रथम आम्हांस विपरीतच वाटलें. परंतु पाश्चात्त्य वैद्यकांत ‘पागोट्याचें अर्बुद’ या नांवाचा रोग खरोखरच आहे. डोक्याच्या कातडीवर गुळगुळीत, गुलाबी गांठी उठतात. वर्षानुवर्षें वाढत त्या एकमेकींस भिडतात आणि डोकें पागोटें बांधल्यासारखें दिसूं लागतें. रोग विरळा, व बहुधा प्राणघातक नव्हे. तथापि तो ऐन तारुण्यांत सुरू होतो आणि स्त्रियांत अधिक आढळतो. जिला केंस विंचरणेंही अवघड झालें, तिला हें नांव ऐकून काय वाटेल, याचा विचार नांव ठेवणारानें केलेला दिसत नाहीं.

लंडनच्या हेन्री अँसेल यानें १८४२ सालीं या रोगाचें वर्णन केलें. पुढें १८५९ त थिओडोर बिलरोथ या जर्मन शल्यवैद्यानें लाळपिंडांचीं कांहीं अर्बुदें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलीं, आणि त्यांतील नळकांड्यांसारखे आकार पाहून त्यांस ‘सिलिंड्रोमा’ म्हटलें. (हाच बिलरोथ पुढें व्हिएन्नास गेला, संगीतकार ब्राम्स याचा तो जिवलग स्नेही.) शब्द सुटसुटीत होता, डोक्यावरच्या गांठींनाही तोच चिकटला. येथेंच घोंटाळा झाला. लाळपिंडांतील तें अर्बुद कर्करोग ठरलें. सावकाश वाढणारें, पण मज्जातंतूंच्या वाटेनें पसरणारें. म्हणजे एकच शब्द एका रोग्यास उगीच भिववूं शके आणि दुसऱ्यास खोटा धीर देऊं शके!

उलट प्रकारही घडला. १८९२ त मँचेस्टरच्या ब्रूकनें चेहऱ्यावरील बारीक गांठींचें वर्णन केलें, १८९९ त व्हिएन्नाच्या श्पीगलरनें डोक्यावरील गांठींचें. दोन रोग निराळे समजले गेले; पण एकाच घराण्यांत, कधीं एकाच माणसाच्या अंगावर, दोन्ही आढळत. त्याचा उलगडा २००० सालीं झाला. सोळाव्या गुणसूत्रावर ‘सीवायएलडी’ नांवाचें जनुक सांपडलें, आणि दोन्ही रोगांचें मूळ त्याच्याच बिघाडांत निघालें. (बिलरोथचें नळकांडें या नांवांतही शिल्लक आहे.) पेशींना जगत राहण्याचा जो इशारा मिळतो, त्यास लगाम घालणें हें या जनुकाचें काम, असें २००३ सालीं कळलें. बिघाड असलेल्या आईबापाच्या प्रत्येक मुलास तो मिळण्याचा संभव निम्मा असतो.

उपाय मात्र अजून मुख्यतः शस्त्राचाच. गांठी कापाव्या, त्या पुन्हा येतात, पुन्हा कापाव्या. फारच वाढल्या तर डोक्याची सारी कातडी काढून तेथें शरीराच्या दुसऱ्या भागाची लावतात. मग त्या डोक्यावर केंस येत नाहींत.