वऱ्हाडचा कापूस, कारंज्याची बाजारपेठ आणि परक्या राज्यातला कायदा

मंगरूळपीर तालुक्यातील शेतकऱ्याची कापसाची गाडी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या न्यायव्यवस्थेखाली विकली जात होती, ती व्यवस्था मोठी विलक्षण होती. जमीन निजामाची, कारभार इंग्रजांचा आणि कापूस थेट मँचेस्टरच्या गिरण्यांचा!

१८५३ च्या तहान्वये हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेले. सार्वभौमत्व मात्र निजामाकडेच राहिले. त्यामुळे कलकत्त्याला संमत झालेला कायदा येथे आपोआप लागू होत नसे. त्यासाठी स्वतंत्र हुकूम काढावा लागे. कायद्याच्या भाषेत हा परका मुलूखच होता.

अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) लँकेशायरचा कापूस तोडला आणि वऱ्हाडाचे भाग्य पालटले. १८७० मध्ये लॉर्ड मेयोने खामगावच्या रेल्वेफाट्याचे उद्घाटन केले. ग्रीक मूळ असलेली रॅली ब्रदर्स, स्वित्झर्लंडच्या विंटरथूरची फोल्कार्ट ब्रदर्स अशा पेढ्यांचे खरेदीदार या मुलखात वावरू लागले.

आता प्रश्न असा की वजनात खोट निघाली, दलालाने परस्पर कापले किंवा कापसात भेसळ आढळली, तर दाद कोणाकडे मागायची? दिवाणी न्यायालये होती. पण कोर्टाची पायरी चढण्यात दिवस जात आणि कापूस तर त्याच संध्याकाळी विकावा लागे. शिवाय त्याच न्यायालयात सावकाराचे कर्जरोखे बिनदिक्कत वसूल होत. कुणब्याला कोर्टाचा परिचय झाला तो मुख्यतः प्रतिवादी म्हणूनच.

म्हणून तंटा उद्भवण्यापूर्वीच बाजार बांधून घेण्याचा मार्ग काढला गेला. १८८६ मध्ये रेसिडेन्सीच्या हुकमाने मंगरूळपीरच्या शेजारचे कारंजे ही देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ ठरली. (१६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने लुटलेले धनाढ्य कारंजे ते हेच.) पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. ठरलेल्या जागेबाहेर बाजार भरवण्यास बंदी आली, दलाल व मापाऱ्यांना परवाने लागले, देखरेखीला समिती आली.

हा शेतकऱ्याच्या कळवळ्याचा कायदा होता, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. परदेशी गिऱ्हाइकाला निर्भेळ माल खात्रीने मिळावा, हा त्यामागचा मोठा हेतू होता. समितीवर वजन व्यापाऱ्यांचे. पिकवणाऱ्याला तेथे पुरेसे स्थानच नव्हते. कायदा झाला त्याच सुमारास वऱ्हाड दुष्काळात सापडले. १८९९-१९०० च्या दुष्काळाने तर कहर केला. काट्याची शिस्त लागली, तरी घरातली ज्वारी त्याने वाढणार नव्हती.

१९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्याने हीच चौकट घेतली, पण शेतकऱ्यांच्या प्रतिनिधित्वाला तीत जागा दिली. १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. कृषी उत्पन्न बाजार समित्या निघाल्या त्या याच वाटेने.

१९०२ मध्ये निजामाने वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिले. पुढे येथील अपिले नागपूरच्या ज्युडिशिअल कमिशनरकडे जाऊ लागली, आणि १९०५ मध्ये बासीम जिल्हा मोडून मंगरूळ तालुका अकोल्याला जोडला गेला.