अनुशेषाचे गणित आणि आमदारांचे वजन

विदर्भ आणि मराठवाडा मुंबईसह एका मराठी राज्यात यावेत म्हणून २८ सप्टेंबर १९५३ रोजी जो नागपूर करार झाला, त्यात खर्चाची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात होईल आणि मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष दिले जाईल, असे आश्वासन होते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीतून आलेल्या अनुच्छेद ३७१(२) ने समन्यायी वाटपाची तरतूद केली. तथापि अर्थसंकल्प मंजूर करण्याचा अधिकार विधिमंडळाकडेच राहिला आणि तेथे संख्याबळाला महत्त्व होते. आजच्या २८८ जागांपैकी विदर्भाच्या ६२ आणि मराठवाड्याच्या ४६ वगळल्या, तर १८० जागा उर्वरित महाराष्ट्राकडे उरतात. परंतु केवळ संख्येने सारे उलगडत नाही, कारण विदर्भाचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री असूनही तो प्रदेश मागेच राहिला. पश्चिम महाराष्ट्रातील आमदारामागे मात्र सहकारी साखर कारखाना आणि जिल्हा बँक यांचे बळ उभे असे, आणि उसाला पाणी हवे असल्याने ते बळ पाटबंधाऱ्यांच्या मागणीमागे लागत असे.

ही तफावत आकड्यांत मांडण्याचे काम १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने केले. जिल्हा हा घटक धरून राज्याच्या सरासरीपेक्षा तो जितका मागे, तितकी तूट भरून काढण्यास लागणारी रक्कम म्हणजे ‘अनुशेष’, अशी तिची व्याख्या होती. एकूण ३,१८६.७८ कोटी रुपयांच्या अनुशेषात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा साडेतेवीस, तर उर्वरित महाराष्ट्राचा ३७ टक्के होता. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ ची स्थिती मोजली, तेव्हा एकूण रक्कम १४,००६.७७ कोटींवर गेलेली दिसली. दर आणि मोजमाप बदलल्यामुळे या दोन रकमांची थेट तुलना करता येत नसली, तरी वाट्यांतील बदल लक्षणीय आहे : विदर्भ ४७ टक्क्यांवर आणि मराठवाडा साडेअठ्ठावीसवर चढला, तर उर्वरित महाराष्ट्र २४ वर उतरला.

१९९४ मध्ये तीन वैधानिक विकास मंडळे स्थापन होऊन समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे आली. परंतु १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाने, बच्छावत लवादाने दिलेले ५६० अब्ज घनफूट पाणी २००० पूर्वी अडवण्याच्या निकडीने, रोख्यांद्वारे बाजारातून पैसा उभारला आणि खर्चाचा मोठा ओघ नेहमीच्या अर्थसंकल्पी वाटणीबाहेरून वाहू लागला. २००१ पासून राज्यपालांनी सिंचन निधीच्या प्रदेशवार वाटपाचे निर्देश दिले, ते याच पार्श्वभूमीवर. अखेरीस ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली. मुदतवाढीसाठी राज्य मंत्रिमंडळानेच पुढाकार घ्यावा लागत असल्यामुळे, आमदारांच्या वजनावर अंकुश म्हणून निर्माण झालेल्या या व्यवस्थेचे आयुष्य त्याच वजनावर उभ्या असलेल्या सरकारच्या हाती राहिले होते.