सिंहलद्वीपाची यात्रा : पाणी, श्रम आणि संघ

श्रीलंकेच्या यात्रेस जाणाऱ्या उपासक-उपासिकांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. अनुराधपुरास बोधिवृक्षाची वंदना, कँडीस दंतधातूचे दर्शन, वाटेत सिगिरियाचा कडा आणि वेळ उरल्यास समुद्रकिनारा. ही स्थळे पाहण्यासारखी आहेत यात शंका नाही. परंतु परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० च्या मे महिन्यात या बेटावर गेले ते केवळ वंदनेसाठी नव्हे. बौद्ध धम्म तेथील लोकांच्या जीवनात कितपत जिवंत आहे, हे त्यांना पाहावयाचे होते. त्यांच्या अनुयायांनीही तीच दृष्टी घेऊन हा देश पाहावा, असे आम्हास वाटते.

आरंभ मिहिंतलेपासून करणे योग्य. इ. स. पू. तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाचे पुत्र महेंद्र स्थविर याच डोंगरावर राजा देवानंपिय तिस्साला भेटले. ज्येष्ठ पौर्णिमेस, म्हणजे सिंहली लोकांच्या पोसोन पौर्णिमेस, येथे अलोट गर्दी होते. दाट झाडीतून चढत जाणाऱ्या १८४० पायऱ्या, वरचे स्तूप आणि खाली पसरलेले हिरवे रान पाहून मन प्रसन्न होते. परंतु यात्रेकरू ज्यांकडे क्वचितच वळतो अशा दोन गोष्टी येथे आहेत. पहिली म्हणजे पायथ्याशी असलेले प्राचीन रुग्णालयाचे अवशेष. औषधी द्रवात रुग्णाला निजविण्यासाठी माणसाच्या आकाराची कोरलेली दगडी द्रोणी तेथे आजही पाहावयास मिळते. दुसरी म्हणजे दहाव्या शतकातील चौथ्या महेंद्र राजाचे दोन शिलालेख. विहाराच्या सेवेतील निरनिराळ्या कामकऱ्यांना काय मोबदला द्यावा, हिशेब रोजच्या रोज कसा लिहावा आणि तो कुलुपबंद कसा ठेवावा, हे सर्व त्यांत कोरलेले आहे. संस्थेचा हिशेब दगडावर कोरून सर्वांसमोर उभा करणारा हा विहार आपल्याकडील विहार समित्यांच्या पदाधिकाऱ्यांनी अवश्य पाहावा.

जवळच अनुराधपूर. महास्तूप बांधताना राजा दुट्ठगामणीने मोबदला दिल्यावाचून कोणाकडूनही काम करून घेऊ नये असा आदेश दिला, असे महावंस सांगतो. पिढ्यान्पिढ्या वतनाच्या नावाखाली वेठ सोसलेल्या आणि १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनसुधारणेचे विधेयक मांडलेले पाहिलेल्या समाजाला या आदेशाचे मोल निराळे सांगावयास नको. मात्र तोच महावंस याच राजाच्या तोंडी युद्धानंतरचा पश्चात्ताप घालतो आणि अर्हतांकरवी त्याचे सांत्वन करतो ते असे, की रणात पडलेल्यांपैकी खरी माणसे दीडच होती. हे सांत्वन तथागतांच्या मैत्रीभावनेशी कसे जुळवावे? १९८३ ते २००९ एवढा काळ या बेटाने सिंहली-तमिळ युद्ध भोगले आहे. १९८५ साली बोधिवृक्षाच्या परिसरात भाविकांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तर त्याआधी १९८१ मध्ये जाफन्याचे ग्रंथालय जाळले गेले. महास्तूपासमोर नतमस्तक होताना ग्रंथातील तेवढा भाग चिकित्सेने वाचणे आपले कर्तव्य आहे.

बोधिवृक्षाची शाखा संघमित्रा थेरींनी आणली आणि त्यांनीच येथे भिक्खुणी संघ स्थापिला. पाचव्या शतकात येथील भिक्खुणींनी चीनमध्ये जाऊन तेथील स्त्रियांना उपसंपदा दिली. अकराव्या शतकाच्या सुमारास ही परंपरा खंडित झाली. ती पुन्हा सुरू करण्यासाठी सिंहली स्त्रियांनी उपसंपदा घेतली ती १९९६ साली आपल्या सारनाथ येथे.

आता सिगिरियाविषयी. अरण्यातून एकदम उभा राहिलेला हा सुमारे दोनशे मीटर उंचीचा कातळ, त्यावरील रंगीत चित्रे, खालची कारंजी आणि बागा यांची कीर्ती जगभर आहे. त्यावर राजवाडा बांधणारा कस्सप हा पितृघातकी होता. त्याचा पिता धातुसेन याने पाचव्या शतकात कलावेव हा विशाल तलाव बांधला होता. चूलवंसातील कथा अशी की, पुत्राने धन कोठे आहे असे विचारले तेव्हा धातुसेन त्याच्या माणसांसह या तलावावर आला, पाण्यात उतरून स्नान केले आणि हीच माझी सारी संपत्ती असे त्याने सांगितले. नंतर त्याला भिंतीत गाडण्यात आले. सिगिरियाचा कडा चढण्यासाठी रांगा लागतात. कलावेवच्या बांधावर मात्र फारसे कोणी जात नाही. आम्ही म्हणू, आधी बांधावर जावे. जवळच औकन येथे बाराएक मीटर उंचीची उभी बुद्धमूर्ती कातळात कोरलेली आहे. या तलावातून अनुराधपुरापर्यंत सुमारे ८७ किलोमीटर लांबीचा कालवा नेला असून पहिल्या काही मैलांत त्याचा उतार मैलाला सहा इंच इतकाच आहे. अशा तलावांच्या बांधात दगडी चौकोनी विहिरी बांधून पाण्याचा जोर आवरण्याची युक्ती या कारागिरांनी शोधली होती. पाण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागलेल्या आपल्या समाजाने ही जलविद्या डोळे भरून पाहावी.

कँडीचे सरोवर रमणीय आहे. त्याच्या काठी दंतधातूचे मंदिर असून १९९८ च्या बॉम्बस्फोटानंतर ते पुन्हा उभारण्यात आले. याच नगरीत १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेस बाबासाहेब उपस्थित होते. पुढे कोलंबोच्या नगरभवनात त्यांनी तेथील अस्पृश्यांना बौद्ध धम्म स्वीकारण्याचे आवाहन केले. बौद्ध देशात अस्पृश्य कसे, हा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. याचे उत्तर कँडीच्याच इतिहासात आहे. १७५३ साली सयामहून आलेल्या उपाली स्थविरांनी येथे खंडित झालेली उपसंपदा पुन्हा सुरू केली. परंतु लवकरच ती गोविगम या वरिष्ठ मानल्या गेलेल्या जातीपुरती राखून ठेवण्यात आली. नद्या सागराला मिळताच आपले नाव टाकतात, तसे वर्ण संघात विरून जातात, ही तथागतांची शिकवण राजदरबाराच्या आश्रयाने गुंडाळून ठेवली गेली.

म्हणून आमचा आग्रह आहे की कोलंबोहून गाल्लेकडे जाताना बलपिटीय येथे उतरावे. मादू गंगेच्या खाडीत खारफुटीच्या झाडीतून आणि बेटाबेटांमधून होडीने फिरविले जाते. पक्षी, माकडे दाखविली जातात. याच पाण्यावर १८०३ साली एक मोठी घटना घडली. सलागम जातीचे ज्ञानविमल हे श्रामणेर जातीमुळे उपसंपदा नाकारली गेल्याने ब्रह्मदेशात अमरपुरास गेले, १८०० साली तेथे भिक्खू झाले आणि ब्रह्मी भिक्खूंसह परतले. विनयात पाण्यावरील सीमेची तरतूद आहे. तिचा आधार घेऊन येथे पाण्यावर तरंगत्या मंचावर त्यांनी उपसंपदा विधी केला. त्यातून अमरपूर निकाय उभा राहिला. पुढे त्यातही जातवार शाखा पडल्या. १८६४ साली स्थापन झालेल्या रामञ्ञ निकायाने मात्र सर्व जातींना संघाचे दार उघडे ठेवले. होडीवाल्यास कोठदुव बेटावरील विहाराकडे नेण्यास सांगावे. दोन तास पुरतात.