कुलाब्याहून कुलाब्यास

कुलाबा ह्या नांवाचीं दोन ठिकाणें समोरासमोरच्या किनाऱ्यांवर आहेत. एक मुंबई बेटाच्या दक्षिण टोंकास, आणि दुसरें म्हणजे अलिबागेपुढें समुद्रांत उभा असलेला जलदुर्ग. ह्या दुर्गाचेंच नांव पूर्वीं अलिबागेच्या सबंध जिल्ह्यास होतें. त्यामुळें १९०४ सालीं मुंबईच्या कुलाब्यावरील वेधशाळेचें चुंबकीय काम अलिबागेस नेण्यास आरंभ झाला, तेव्हां तें कुलाब्याहून निघून कुलाबा जिल्ह्यांतच येऊन पोंचलें, असा मौजेचा योग घडला. काम मात्र मौजेचें नव्हतें. पत्त्याच्या ह्या बदलापायीं साठ वर्षांचे परिश्रम तुटून पडण्याची भीति होती.

ईस्ट इंडिया कंपनीनें ही वेधशाळा १८२६ सालीं स्थापिली. आरंभीं तिचा रोख खगोलाकडे व जहाजांना अचूक वेळ पुरविण्याकडे होता. पुढें १८४१ पासून तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मोजमापें होऊं लागलीं आणि १८४६ पासून त्यांची सलग मालिका जुळली. जगांतील अभ्यासकांच्या यादींत मुंबईचें स्थान ह्या मालिकेमुळें पक्कें झालें. यादींत एकदां नांव व पत्ता नोंदला गेला, म्हणजे त्याच्या भरंवशावर दूरदेशींचीं माणसें आपलीं गणितें मांडीत असतात, हें विसरून चालत नाहीं.

अशा स्थितींत मुंबईंत घोड्यांच्या ट्रामऐवजीं विजेच्या ट्राम आणण्याचें घाटूं लागलें. ट्रामचा विद्युत्प्रवाह रुळांतून परततांना कांहीं अंशीं जमिनींत झिरपतो आणि आसपासची चुंबकसूची विचलित करतो. सुई हलली ती पृथ्वीच्या प्रेरणेनें कीं रस्त्यावरील ट्रामनें, हें मग कोणीं सांगावें? विजेची पहिली ट्राम मुंबईंत ७ मे १९०७ रोजीं धांवली. पण वेधशाळेनें त्या दिवसाची वाट पाहिली नाहीं.

तिचे संचालक त्या वेळीं नानाभाय आर्देशिर फ्रामजी मूस हे होते. ह्या पदावर आलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. नव्या जागेसाठीं निवड झाली ती मुंबईपासून सुमारें तीस किलोमीटरांवरील अलिबागेची. तेथें रेल्वे नव्हती, ट्राम येण्याचाही संभव नव्हता. वेधशाळेची इमारत पोरबंदरच्या दगडाची बांधली. कारण कोंकणचा काळा दगड स्वतःच थोडाबहुत चुंबकीय असतो. लोखंड तर कटाक्षानें वर्ज्य केलें. घराच्या बांधकामांत एक खिळासुद्धां पारखून घ्यावा लागावा, अशीं कामें थोडींच.

परंतु खरी अडचण इमारतीची नव्हती. चुंबकीय बल प्रत्येक जागेचें निराळें असतें. जमिनीखालचा खडक बदलला कीं आंकडाही बदलतो. एके दिवशीं कुलाब्याचें यंत्र बंद करून दुसरे दिवशीं अलिबागेचें सुरू केलें असतें, तर आंकड्यांत मध्येंच एक उडी दिसली असती. पन्नास वर्षांनंतरच्या अभ्यासकास ती पृथ्वीचीच उडी वाटली असती! निदान जुनी मालिका मिटून नवी उघडावी लागली असती. आणि चुंबकत्वाचे कांहीं फेरफार इतके मंद असतात कीं दोन तुटक्या मालिकांतून ते दिसतच नाहींत.

ह्यावरचा उपाय साधा, पण खर्चिक होता. १९०४ ते १९०६ अशीं दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं नोंदी घेण्यांत आल्या. पृथ्वीवर येणारें चुंबकीय वादळ दोन्हीकडे सारखेंच उमटे. जो फरक कायम राही, तो जागेचा. तेवढा वजा केला कीं कुलाब्याचा जुना आंकडा अलिबागेच्या नव्या आंकड्याशीं जुळे. मगच १९०६ सालीं कुलाब्यावरील चुंबकीय नोंद थांबविली. आजकाल संकेतस्थळाचें नांव बदलणारे सूज्ञ लोक जुना पत्ता कांहीं काळ जागता ठेवून त्यावरून नव्याकडे वाट काढून देतात आणि सूचींतील नोंदही दुरुस्त करवून घेतात. तोच हा व्यवहार.

मूस ह्यांनीं १८४६ ते १९०५ पर्यंतच्या नोंदी व त्यांचें विवेचन १९१० सालीं दोन खंडांत प्रसिद्ध केलें. ह्या दप्तराचें मोल पुढें कळून आलें. २ सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौर वादळांत कुलाब्यावरील निरीक्षकांनीं डोळ्यांनीं वाचून जे आंकडे टिपले होते, त्यांवरून २००३ सालीं शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं त्या दिवशीं चुंबकीय बल सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं घसरलें होतें. त्या वादळाचा जोर जोखण्यास ही नोंद आज मोठा आधार मानली जाते.

१९७१ सालीं ह्या वेधशाळांमधून भारतीय भूचुंबकत्व संस्था उदयास आली. तिचें मुख्य ठाणेंही पुढें मुंबईचा कुलाबा सोडून नव्या पनवेलीस गेलें, म्हणजे अलिबागेच्याच जिल्ह्यांत. मधल्या काळांत, १९८१ सालीं, त्या जिल्ह्याचें कुलाबा हें नांव जाऊन रायगड झालें होतें. पत्राच्या पाकिटावर तेवढी एक ओळ बदलली. आंतरराष्ट्रीय सूचींत अलिबागेची खूण ए बी जी हीं तीन अक्षरें आहेत, आणि नोंदी तिच्याखालीं रोज दाखल होतच आहेत.