विंडोज सर्व्हरवर पायथॉन प्रोग्राम कायम चालू कसा ठेवायचा?

लॅपटॉपवर प्रोग्राम झकास चालतो. रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरवर जाता, फोल्डर कॉपी करता, कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत तो सुरू करता आणि घरी येता. सकाळी बघावं तर बंद! रात्री ग्राहकांना जाणारे एसएमएस गेलेलेच नाहीत. मग आपण कोड तपासत बसतो. पण बऱ्याचदा कोड बरोबरच असतो, चूक असते ती चालवण्याच्या पद्धतीत.

काळ्या खिडकीत सुरू केलेला प्रोग्राम तुमच्या लॉगिनला बांधलेला असतो. रिमोट डेस्कटॉप नुसता डिस्कनेक्ट केला तर तो चालू राहतो, साइन आउट केलं की संपतो. अपडेटनंतर सर्व्हर रीस्टार्ट झाला तरी तेच. शिवाय त्या खिडकीत चुकून क्लिक झालं तर 'क्विक एडिट' सोयीमुळे मजकूर सिलेक्ट होतो आणि प्रोग्राम पुढची ओळ छापताना तिथेच अडकतो. एंटर दाबलं की परत सुरू! हे माहीत नसेल तर माणूस दिवसभर डोकं खाजवतो.

आधी एक काम: लॅपटॉपवरचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट उचलून सर्व्हरवर टाकू नका, त्यात जुन्या मशीनचे पाथ असतात. सर्व्हरवर पायथॉन 'सर्व युजर्ससाठी' इन्स्टॉल करा आणि एन्व्हायर्नमेंट नव्याने बनवा.

टास्क शेड्यूलर

ठरावीक वेळी चालून संपणाऱ्या कामाला हा पुरेसा आहे, आणि तो विंडोजमध्येच असतो. युजर लॉगिन असो वा नसो, टास्क चालावा हा पर्याय निवडा. एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथॉनचा पूर्ण पाथ द्या. 'स्टार्ट इन' हा रकाना रिकामा सोडू नका, नाहीतर प्रोग्राम आपल्या फाइल्स सिस्टीम३२ फोल्डरमध्ये शोधत बसतो.

खरी मेख सेटिंग्जच्या टॅबमध्ये आहे. टास्क ३ दिवसांपेक्षा जास्त चालला तर थांबवा, अशी खूण तिथे आधीपासूनच असते. 'दर तीन दिवसांनी प्रोग्राम आपोआप बंद पडतो' या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. ती खूण काढा. तरीही मध्येच कोसळलेला प्रोग्राम शेड्यूलर पुन्हा उभा करेल, यावर विसंबू नका.

सर्व्हिस

चोवीस तास चालणाऱ्या कामासाठी माझं मत सरळ सर्व्हिसला. पायथॉन थेट सर्व्हिस म्हणून नोंदवला तर १०५३ क्रमांकाची एरर येते, कारण 'मी सुरू झालो' असं विंडोजला वेळेत कळवावं लागतं आणि साधी स्क्रिप्ट ते करत नाही. हे मध्यस्थाचं काम एनएसएसएम हे छोटं, मोफत टूल करतं. प्रोग्राम बंद पडला की ते परत सुरू करतं. त्याची २.२४ ही आवृत्ती २०१४ची आहे. नव्या विंडोजवर २.२४-१०१ घ्या, जुनीमुळे कधी सर्व्हिस सुरूच होत नाही.

सर्व्हिसला तुमचा झेड ड्राइव्ह दिसत नाही, म्हणून शेअर्ड फोल्डरचा पूर्ण नेटवर्क पाथ लिहा. तिला स्क्रीनही नसते, त्यामुळे माऊस हलवणारे प्रोग्राम इथे चालणार नाहीत. वेबसाइट असेल तर गनिकॉर्न विंडोजवर चालत नाही, वेट्रेस वापरा.

लॉग आणि मराठी

सर्व्हिसचं आउटपुट एनएसएसएमच्या आय/ओ टॅबमधून फाइलमध्ये वळवा. फाइल बराच वेळ रिकामी दिसली तर घाबरू नका, पायथॉन आउटपुट साठवून मग लिहितो. कमांडमध्ये 'मायनस यू' जोडलं की लगेच दिसतं.

आपल्याला हमखास नडणारी गोष्ट वेगळीच आहे. ग्राहकाचं नाव देवनागरीत छापलं तर काळ्या खिडकीत काही त्रास होत नाही, पण तेच आउटपुट फाइलमध्ये गेलं की युनिकोड एन्कोड एरर येऊन प्रोग्राम कोसळतो. तिथे पायथॉन विंडोजचं जुनं एन्कोडिंग वापरतो. सर्व्हिसच्या एन्व्हायर्नमेंट टॅबमध्ये 'पायथॉनयूटीएफ८' हे व्हेरिएबल इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहा आणि त्याची किंमत १ ठेवा. पायथॉन ३.७ पासून हे चालतं.

सगळं झालं की सर्व्हर रीस्टार्ट करा आणि दहा मिनिटं लॉगिन करू नका. मग लॉग उघडा. त्या दहा मिनिटांतल्या नोंदी दिसल्या तरच घरी जा.