सूतगिरणीतल्या पोरींचा व्हॉलीबॉल

शाळेच्या मैदानावर दोन खांबांना जाळी बांधून आपल्यापैकी कितीतरी जणी व्हॉलीबॉल खेळल्या असतील. हात कसे लाललाल व्हायचे, आठवतं? हा खेळ आला कुठून आणि त्यात बायका कशा पुढं आल्या, ते आज सांगते.

१८९५ साली अमेरिकेतल्या होलिओक गावी विल्यम मॉर्गन हे वायएमसीए संस्थेत व्यायाम शिकवत. बास्केटबॉल तेव्हा नवाच निघाला होता. पण वयानं थोराड व्यापारी मंडळींना त्यातली धावपळ झेपेना. मग मॉर्गन यांनी टेनिसची जाळी साडेसहा फुटांवर बांधली आणि चेंडू हातांनी टोलवायला लावला. नाव ठेवलं मिंटोनेट. पुढच्याच वर्षी त्याचं व्हॉलीबॉल झालं.

याच संस्थेमार्फत खेळ आशियात पोचला. एकानं चेंडू उंच उचलून द्यायचा, दुसऱ्यानं उडी मारून तो पलीकडे हाणायचा, ही रीत १९१६ च्या सुमारास फिलिपिन्समध्ये रुजली. १९४७ साली पॅरिसला आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. पुरुषांची जागतिक स्पर्धा १९४९ मध्ये झाली, बायकांची १९५२ मध्ये.

आता जपानला चला. ओसाकाजवळ काइझुका इथं निचिबो कंपनीची सूतगिरणी होती. तिच्या संघातल्या मुली दिवसा कंपनीत काम करायच्या आणि मग रात्री उशिरापर्यंत सराव. प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु भारी कडक. झेप घेऊन चेंडू उचलायचा, जमिनीवर लोळण घेऊन लगेच उभं राहायचं, हे त्यांनी मुलींकडून घोटून घेतलं. इतकं राबवणं बरं नव्हे, अशी टीकाही त्यांच्यावर झाली.

१९६२ मध्ये या मुलींनी सोव्हिएत संघाला त्यांच्याच देशात हरवून जागतिक विजेतेपद मिळवलं. आता थांबावं, असं त्यांच्या मनात होतं. लग्नाचं वय निघून चाललं, ही काळजी तिथंही होतीच! पण टोकियोचं ऑलिंपिक तोंडावर होतं, लोकांचा आग्रह होता. त्या आणखी दोन वर्षं खेळल्या.

१९६४ साली व्हॉलीबॉल ऑलिंपिकमध्ये आलं. दोन संघ समोरासमोर उभे राहतात असा बायकांचा तो तिथला पहिलाच खेळ. २३ ऑक्टोबरला जपाननं सोव्हिएत संघाला ३-० असं हरवलं. कर्णधार मासाए कासाई तेव्हा ३१ वर्षांच्या होत्या. नंतर त्यांचं स्थळ जुळवायला खुद्द पंतप्रधानांनी मदत केली. म्हणजे बघा, सुवर्णपदक आणलं तरी 'लग्न कधी?' हा प्रश्न काही सुटला नाही.

थोराड पुरुषांच्या विरंगुळ्यासाठी निघालेला खेळ गिरणीतल्या मुलींनी असा जगापुढं नेला. तेव्हा मैत्रिणींनो, आपली पोरगी मैदानावरून उशिरा, धुळीनं माखून घरी आली, तर आधी तिला विचारा, 'आज किती गुण काढलेस?' बाकीचे प्रश्न थांबतील थोडे. येते मी.